समुद्रसपाटीपासून उंची

सहा बाय चारचं प्लायवूड कुडाळहून टेम्पोत आणलं.
टेम्पोवाल्यानं विचारलं, पलंग करूचो हा काय?
म्हटलं, नाही, रेल्वे.
तो न बोलता पैसे पुन्हा मोजत राहिला.

एकतीस वर्षं मी बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसर सांभाळला.
डोळे मिटून आवाजावरून सांगेन
कुठला पट्टा सैल झालाय.
पण रुळाचे दोन तुकडे एकमेकांत सरकवताना
बोटं अशी जाड झाली
जशी कुणाकडून उसनी आणलीत.

पुण्याहून कुरियरनं आलेल्या खोक्यात
सत्त्याऐंशीपट लहान इंजिन,
दोन डबे, गोल फिरण्यापुरते रूळ.
झाकणावरच्या चित्रात पांढरे डोंगर, टोकदार छपरं.
बर्फ मी पुष्कळ बघितलाय. लाद्यांनी.
मला डोंगर हवा होता जांभ्याचा.

केला. जुनी वर्तमानपत्रं, गव्हाच्या पिठाची खळ.
चौथ्या सकाळी बोगद्याच्या तोंडातून
मुंग्यांची रांग निघाली,
शिस्तीत, वेळेवर,
माझ्या गाडीच्या आधी.
हेमांगी म्हणाली, मालगाडी सुरू झाली वाटतं.

दुसऱ्या डोंगराच्या खळीत मोरचूद घातलं.
वर चिऱ्याची भुकटी चाळली,
काथ्याचं गवत, सुरूच्या बोंडांची झाडं.
रुळांखाली खडी हवी.
समुद्र तीन मिनिटांवर.
पिशवीभर वाळू आणली.

इथे चुकलो.

आठवडाभर गाडी धावली,
मग बंदराकडच्या वळणावर अडखळू लागली.
बोटानं ढकललं की चार इंच जायची
आणि परत विचारात पडायची.
बस्त्याव बोटींचं वायरिंग करतो, त्याला बोलावलं.
त्यानं मीटर लावला, काढला,
वाळूचे चार कण जिभेवर ठेवले
आणि माझ्याकडे नुसतं बघितलं.
एकतीस वर्षं टाकीत मीठ ओतणाऱ्या माणसाला
मिठाबद्दल काय सांगायचं?

मग चमच्यानं, दात घासायच्या ब्रशानं, शेवटी नखानं
सगळी वाळू खरवडून काढली,
तांदळासारखी सात पाण्यांतून धुतली,
गच्चीवर वाळत घातली.
रुळांवरचा तांबूस गंज पॉलिश कागदानं घासताना
पहिल्यांदाच बोटं माझी वाटली.

आता स्टेशन.
खरी लाईन कुडाळवरून गेली, वीस-बावीस किलोमीटर आतून.
इथे समुद्र आहे, दीपगृह आहे, एस.टी.चा डेपो आहे,
गाडी नाही.
मी आगपेटीचा पुठ्ठा पिवळा रंगवला,
एक केस असलेल्या ब्रशानं लिहिलं, वेंगुर्ले.
वेलांटीपाशी हात हलला. राहू दिलं.
हेमांगी चष्मा पुसून वाकली,
बराच वेळ वाचत राहिली, तीनच तर अक्षरं,
मग आत जाताना म्हणाली,
इली म्हणा एकदाची.

पाटीवर खाली लिहायचं असतं,
समुद्रसपाटीपासून उंची.
टेबल मोजलं, दोन फूट सात इंच.
जोतं साडेतीन.
अंगण ते पुळण, हा हिशेब बस्त्याववर सोपवला.
तो म्हणाला, भरतीची मोजू की ओहोटीची?
ती जागा अजून कोरी आहे.

आणि एक दोष, तो कुणाला सांगितलेला नाही.
या खोलीची फरशी पाणी जावं म्हणून
गवंड्यानं पश्चिमेला उतरती केलीय.
रात्री वीज बंद करून डबे सोडले
तर ते आपोआप घरंगळतात,
बोगद्यातून, वळणावरून, हळू,
आणि पिवळ्या पाटीच्या जरा पुढे जाऊन थांबतात.
टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातली की काम होईल.
पुठ्ठा आहे.
घालीन कधीतरी.