बेवारस माल

चाळीसगाव स्टेशनच्या गुदामात लिलाव झाला,
हिलाल मिस्तरींनी अकरा पेट्या उचलल्या, किलोच्या भावानं.
आत वाळलेलं गवत, गवतात काचा,
साडेसहा बाय साडेआठ, एकजात.
"फ्रेमले झकास," म्हणाले
आणि मला बंब पेटवायला लावलं.

मी तेव्हा सहावीत नापास.
रोज चाळीस काचा. कढत पाणी, धुण्याचा सोडा,
मग दाढीचं जुनं पान.
काचेवरचं काळं आधी सुरकुतायचं
सायीसारखं,
मग सुटून यायचं. बादलीला वास
खूर उकळल्याचा.

धुण्याआधी प्रत्येक काच मी उजेडाला धरायचो.

साहेब ओट्यावर दाढी करून घेतोय.
साहेब काळा ठिक्कर, न्हावी पांढराफटक.
जिनिंगच्या आवारात कापसाचे ढीग कोळशासारखे,
इंजिनाच्या शेडमध्ये कोळसा कापसासारखा.
जेवणाचं टेबल, वर झालरीचा पंखा,
त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर जाते.
ओढणारा बाहेरच. काचेच्याही.
मडमेचं कुत्रं ऐन वेळी हललं, त्याला दोन तोंडं.
ते धरून उभा पोरगा जराही हललेला नाही.
त्याला सांगितलं असणार.

आठवडाभरात हातालाच कळलं,
साहेब लवकर निघत नाही.
त्याचा कोट, त्याची टोपी, टेबलावरची चादर,
चुना लावलेला बंगला, सगळ्यावर जाड थर,
पान बोथट व्हायचं.
आणि खडी वाहणाऱ्या बाया, खलाशी, भिस्ती
काचेवर जवळजवळ नव्हतेच.
त्यांच्यातून समोरची भिंत दिसायची,
भिंतीवरचं विडीवाल्याचं कॅलेंडर दिसायचं,
तारखेसकट.

एक काच मात्र.
बायांची रांग, डोक्यावर पाट्या,
त्यातली एक मागे वळलेली. चेहऱ्याचा नुसता फराटा.
कुणीतरी हाक मारली असेल नेमकी.
काय नावानं मारली असेल,
मी पाणी निवेपर्यंत बघत बसलो.
हिलालभाऊ पाठीमागून म्हणाले,
"आखो घस. तोंड दिखी ऱ्हायनं."
तोंड कुठे दिसत होतं?
घासली.

बादल्या मागच्या गटारीत जायच्या, गटार तितूरला.
एवढ्याशा नदीत
कलेक्टरचे तंबू गेले, मडमांचे वाढदिवस गेले,
शिकारीचा वाघ गेला, हाकारे गेले.
पाणी जरा वेळ शाईसारखं व्हायचं.
खाली धुणं धुणाऱ्या बाया ओरडायच्या,
थांब रे मुडद्या, लुगडं खराब होईल.

काचा आता गावभर आहेत.
सप्तशृंगीवर, लग्नातल्या जोडप्यांवर,
कुणाच्या बापाच्या बक्षीसपत्रावर.
पुसताना कुणाला काही दिसत नाही,
मी चांगलं काम करायचो.

परवा पुण्याहून एक बाई आल्या,
हातात पांढरे मोजे, पिशवीत भिंग.
त्या काळातलं काही उरलंय का, म्हणाल्या.
मी त्यांना हिलालभाऊंच्या फोटोपाशी नेलं.
हार बाजूला केला.
तो मीच मढवला होता, सत्त्याऐंशीत,
शेवटच्या पेटीतली काच लावून,
आणि खालचा डावा कोपरा घासला नव्हता.
कंटाळा म्हणा.
तिथे चार बोटं काळा डाग,
डागात एक पाऊल, अनवाणी, आरपार.
पावलातून भाऊंच्या सदऱ्याचा चौकडा दिसतो.

बाईंनी भिंग लावलं. बराच वेळ.
कुणाचं, म्हणाल्या.
म्हटलं, माहीत नाही.
टाच उचललेली आहे, बघा.
निघालेलं दिसतंय.