टॉवेलखालचा टीव्ही

आमच्याकडे यंदा दहावी आहे.
म्हणजे मुलगा दहावीत आहे,
पण घरात दहावी आहे असंच म्हणतात,
घरात गोवर आहे म्हणावं तसं.
जूनमध्येच केबल तोडली,
वायफायचा पासवर्ड नवऱ्याने बदलला
आणि बहुतेक स्वतःच विसरला.
टीव्हीवर सोलापुरी टॉवेल, चारी टोकं खोचून.

त्यामुळे माझगावच्या कचेरीत
सव्वा वाजता डबे उघडतात तेव्हा
माझ्याकडे चटणी असते, कोशिंबीर असते,
मत नसतं.

पाताडे म्हणतो, त्या खुनाच्या सिरीजमधला
पाचवा भाग नुसता ताणलाय, रबर.
मस्करेन्हस बाई म्हणतात, ताणला नाही, मुरवलाय.
रबर आणि लोणचं यातला फरक कळायला
जीभ लागते, पाताडे.
कोयंडे सगळं दीडपट वेगाने बघतो
आणि दीडपट वेगाने नापास करतो.
इरफानाला शेवट आधी कळला तरच बघवतं,
मग नायिका मरत असते
आणि ही निवांत वाटाणे सोलत असते.
मी मान हलवते. हो ना. अगदी.
या दोन शब्दांवर मी आख्खा सप्टेंबर काढला.

मग एका गुरुवारी कोयंडेने विचारलंच,
तुम्ही काय बघितलंत हल्ली, गव्हाणकर?
तोंडात घास होता. तो गिळेपर्यंत
एक सिनेमा तयार झाला.
म्हटलं, एक आहे. लिफ्टवाली बाई असते.
जुनी इमारत, ओढायचं जाळीचं दार,
दिवसभर ती वर-खाली,
आणि नववा मजला तिने कधीच उघडलेला नसतो.
बटण आहे. दाबायचं नाही, एवढंच सांगितलंय.
आणि मी भेंडीकडे वळले.

हां हां, तो! पाताडे म्हणाला,
मध्यंतरानंतर ढिला पडतो.
बाईने काम छान केलंय, कोयंडे म्हणाला,
पण कॅमेरा किती हलवायचा.
(अरे, ती लिफ्ट आहे, म्हणणार होते.)
मस्करेन्हस बाईंच्या भाचीला म्हणे
तो मुळीच आवडला नव्हता.
शेवट काय आहे? इरफानाने विचारलं.
शेवट मला कुठे माहीत.
म्हटलं, बघच तू.

तांडेल रेकॉर्ड रूमचा. खिडकीशी बसतो.
पूर्वी त्याच्या डब्यावर सगळ्यांचा डोळा,
सुक्या बोंबलाची चटणी, तांदळाची भाकरी.
दोन वर्षं झाली, केळी खातो,
सालं पेपरात गुंडाळून घरी नेतो, का ते माहीत नाही.
त्या दिवशी बेसिनपाशी माझ्यामागे उभा होता.
म्हणाला, शेवट बरा केलाय, नाही?
मी हात धूत राहिले.
म्हणाला, उघडते ती नवव्या मजल्याचं दार.
सगळे म्हणत असतात भूत आहे, प्रेत आहे,
तसलं काही नसतं.
गच्ची असते. ऊन. दोरीवर बोंबील वाळत घातलेले,
आणि एक बाई मागे न बघता म्हणते,
आलीस? बस जरा राखण करत,
कावळे फार झालेत.

साबण केव्हाच गेला होता, नळ चालूच.
म्हटलं, हो. तेवढाच भाग मला आवडला.
एवढ्या महिन्यांत
ते पहिलं मत माझं.

मार्चमध्ये पेपर संपले.
टॉवेल काढून धुवायला टाकला,
खाली टीव्ही होता त्यापेक्षा लहान वाटला.
नवऱ्याला पासवर्ड आठवला,
त्याचीच जन्मतारीख.
मुलगा रिमोट घेऊन बसला,
म्हणाला, आई, आज तू सांगशील ते.

म्हटलं, लिफ्टवाली बघ आहे का.
त्याने मराठीत शोधलं, हिंदीत शोधलं,
स्पेलिंग तीनदा बदललं.
नाहीये गं.
अरे, असेल. पाताडेने पाहिलाय.
तांडेलने तर शेवटपर्यंत.

मग आपल्या प्लॅनमध्ये नसेल, तो म्हणाला.