कुलूप

चाकाच्या खुर्चीसकट चढता येईल असा झोपाळा
ग्युमरीच्या बागेत मी जोडला.
सहा आठवडे लागले. साखळ्या ट्रॅक्टरच्या.
उतार तीनदा कापला,
कारण पहिल्यांदा बघून नाझेली म्हणाली,
"काका, हा उतार नाही, डोंगर आहे."

उद्घाटनाला फीत, जर्दाळू, लांबलचक भाषण.
दुसऱ्या दिवशी कुलूप.
बाकीची पोरं मोडतील म्हणे.
किल्ली नगरपालिकेत, दुसऱ्या मजल्यावर.
लिफ्ट नाही.
हे सांगताना साहेब हसला नाही,
त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

रविवारी नाझेली झोपाळ्यापुढे बसून राहिली
ब्रेक लावून,
बंद दुकानापुढे गिऱ्हाईक बसावं तशी.
मग वारुझान आला. गेल्या वर्षी
घसरगुंडीची पायरी ज्यानं उचकटली, तेच कार्टं.
त्यानं तिच्या केसातली पिन मागितली.
"परत देशील?"
"वाकडी झाली तर?"
तिनं जरा विचार केला. दिली.

वाकडी झालीच.
बिजागरी कुरकुरली (वंगण कमी पडलं होतं,
ती चूक माझी), मग झोपाळा सुटला.
नाझेली ओरडली नाही, हसलीही नाही.
स्वतःच्या बुटांकडे बघत राहिली,
आभाळावर टेकल्यावर ते कसे दिसतात ते.

कुलूप आता कुंपणाला लटकतं, उघडं.
दर सोमवारी पालिकेचा माणूस येतो,
पोरांची रांग संपायची वाट बघतो, थकतो,
वहीत लिहितो : कुलूप आहे.

मी शनिवारी तेलाची बाटली घेऊन जातो.