बाहेर यायची पायरी

इर्शाद, माझा खांदा उतरलाय,
महिनाभर तरी काकवीला पाण्यावर तूच न्यायचं.
लोक म्हणतील, कुत्र्याला काय शिकवायचं पोहायला,
आईच्या पोटातनंच शिकून येतंय.
म्हणू देत.
आत जायला येतं तिला.
बाहेर यायला येत नाही.

म्हणून पहिल्या दिवशी बॉल नको, काठी नको.
पंचगंगेच्या घाटावर, त्या तिरक्या दीपमाळेच्या अंगाला
चार पायऱ्या अजून खडबडीत आहेत.
तिथनं उतरव, तिथनंच वर घे.
उतरव, वर घे.
तू कंटाळशील, ती नाही कंटाळणार.
पाण्यातनं मान वळवून तिला ती पायरी सापडली पाहिजे,
जसं दिवे गेल्यावर आपल्याला काडेपेटी सापडते.
बाकीच्या पायऱ्यांवर शेवाळ आहे, नखं चालत नाहीत.

सातला म्हशी येतात धुवायला. त्याआधी नीघ.
काकवीला म्हशी आवडतात.
म्हशींना काकवी नाही.

गळ्यातला पट्टा काढ.
खाली काय काय बुडवलेलं असतं,
सळ्या, पाट, कुणाच्या तसबिरींच्या चौकटी,
कडी अडकते.
दाराच्या मागं ते केशरी जाकीट आहे,
तुझ्या मामूनंच शिवलंय.
मी त्याला म्हटलेलं, भोपळ्यासारखं काहीतरी कर बाबा,
आम्ही भोपळा बांधूनच शिकलो याच घाटावर.
त्यानं पाठीवर मूठ लावून दिली, पिशवीला असते तशी.
तिला धरूनच उचल.

बॉल सहा वेळा. सातव्यांदा ती मागेलच,
डोळे असे करेल की तुझा हात आपोआप उठेल.
हात खिशात घाल.
तोंड उघडं ठेवून पोहणारं जनावर
बॉलबरोबर नदीही घेऊन येतं पोटात.
पाय डगमगले, लाळ सुटली,
तर बघत बसू नकोस, रिक्षा कर.

रंकाळ्यावर नेऊच नकोस असं नाही.
पण पाणी हिरवं दिसलं, रंग कालवल्यासारखं,
कडेला साय धरलेलं,
तर तसाच मागं फिर. भेळ खा आणि ये.
अंगाला लागलेलंही ती चाटते.
डॉक्टरीणबाईंनी मला एकदाच सांगितलंय.

आणि बंधारा.
बंधाऱ्याकडं नाही.
बरगे घातलेले असोत, काढलेले असोत.
तू तेव्हा तिसरीत असशील,
माझ्याकडं हौशा होता.
काळा, छातीवर खडूनं ओढल्यासारखी एक रेघ.
बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला चप्पल आणायला गेला.
माझीच. मीच टाकलेली, गंमत म्हणून.
चांगला पोहत होता रे.
तोंड माझ्याकडं, आणि सरकत होता तिकडं.
मी भिंतीवरनं हाका मारल्या.
हाक मारली की तो सरळ माझ्याकडं यायचा,
आणि माझ्या पायाखाली पुरुषभर दगडी भिंत.
दोनशे पावलं अलीकडं उतार होता.
मला माहीत होता.
पळत जाऊन तिथनं हाक मारायची,
एवढंच काम होतं.

मी भिंतीवरच उभा राहिलो.

असं कधी झालंच, तर तू उडी मारायची नाहीस.
दोरी टाक, ओरड, माणसं गोळा कर,
उताराकडं पळ.
तुझ्या आईला मला तोंड दाखवायचंय.

घरी आल्यावर नळाच्या पाण्यानं धू,
मग कान. पंचा बोटाला गुंडाळून, आतपर्यंत नाही,
जेवढं दिसतं तेवढंच.
ती गुरगुरेल. तो राग नाही.
पंचा दोरीवर टाक, जाकीट सावलीत.

आणि तुझ्या चपला
उंबऱ्याच्या आत काढत जा, त्या फळीवर.
तिला एकदा आणायला सांगून बघू, असं वाटेल तुला.
नको.