चाळीस ग्रॅम

कुटबणच्या जेटीवर सकाळपासून
एकतीस काटे तपासले,
दोन सील केले, एकावर भांडण झालं,
आणि अडीच वाजता पितळी वजनांची पेटी उचलून
पिएदादच्या पत्र्याखाली येऊन बसलो.

टेबलं पाच. सहावं पुरात वाहून गेलं
असं ती सांगते. मिंगेल सांगतो, विकलं.
माझं नेहमीचं, साळ नदीच्या अंगाचं,
एक पाय आखूड;
कोपर टेकलं की पेल्यातलं पाणी
पलीकडच्या बेतूलकडे कलतं.

मेनू नाही. ती तोंडानेच सांगते:
लेपो, वेर्ली, शिणाणे.
आणि मग पदराआडून बोलावं तसं,
खरं तर तिला पदरही नाही, फुलाफुलांचा झगा,
"गाबोळी आहे, पण एकालाच पुरेल."

शेजारी ओडिशाचे चार खलाशी,
बर्फ उपसून बोटं सुरकुतलेली,
भात तिसऱ्यांदा मागताहेत.
तिसऱ्या भाताचे ती पैसे धरत नाही.
चौथ्याचे धरते, पण विसरते.

माझी आई हुमणात तेफळं घालायची.
ही बिंबलं घालते.
पहिल्या वर्षी मी ताट सारलं होतं बाजूला.
आता फोंड्याला घरी जेवताना
मध्येच जीभ काहीतरी शोधत राहते
आणि बायको विचारते, मीठ हवंय का.

तेवढ्यात मिंगेलची होडी लागली.
टोपलीत मुडदुशी, अजून शेपट्या हलताहेत.
पिएदादने खुंटीवरची तागडी काढली.
जेवताना बघू नये,
पण हात खरकटा असला
तरी डोळा सरकारी.

दांडी सरळ होती. पारडी सरळ.
खोट होती ती वजनात.
किलोचं लोखंडी वजन, मी डाव्या हाताने उलटं केलं:
तळाचं शिसं केव्हाच गळून गेलेलं,
त्याबरोबर आमचा शिक्काही.
नुसतं भोक, त्यात वाळू आणि एक खवला.
पेटीतल्या पितळी किलोसमोर ठेवलं.
चाळीस ग्रॅम कमी.

मापात पाप, हे आम्ही विकणाऱ्याचं धरतो.
इथे घेणारीच आपल्या वजनाने
आपल्यालाच कमी मोजून घेते,
पैसे मात्र पुऱ्या किलोचे.
मी मनात हिशोब मांडला:
दिवसाला पाच किलो, बंदीचे दोन महिने सोडून,
वर्षाला साठ किलो मासळी.
म्हणजे जवळजवळ ही अख्खी बाई.

मिंगेल पाण्यात वाकून टोपली विसळत होता,
फार वेळ विसळत होता.
मी हळू आवाजात तिला सांगितलं.
तिने वजन माझ्या हातातून घेतलं,
झग्याला पुसलं, खुंटीखाली ठेवलं.
"खबर आसा म्हाका," म्हणाली.
आणि मग, "कढी घालू आणखी?"

किती वर्षांपासून खबर आहे, विचारलं नाही.
मिंगेलला आहे का, तेही नाही.
कढी घाल म्हटलं.
तिने घातली, डावभर,
आणि डावात उरली ती पण.

नियम असा: वजन जप्त, पावती जागेवर.
फॉर्म काढला. तीन प्रती, मध्ये कार्बन.
तारीख घातली, गावाचं नाव घातलं,
मालकाच्या रकान्यात पिएदादचं आडनाव
मला ठाऊकच नाही, हे तेव्हा लक्षात आलं.
घडी घातली. पुन्हा घडी. चांगली जाड झाली.
टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवली.
पेल्यातलं पाणी जरा घुटमळलं
आणि समपातळीत आलं.

बिल एकशे सत्तर.
मी मोजून दिले, तिने मोजले नाहीत.
मांजर शिणाण्याची एकच रिकामी शिंप
पुन्हापुन्हा चाटत होतं.

बसमध्ये रजिस्टर उघडलं आणि लिहिलं:
कुटबण, काटे तपासले एकतीस.
बत्तिसावा, भरतीचं पाणी चढल्याने
पाहता आला नाही.