निरोप

हरिपूरच्या रस्त्याला, वीटभट्टीमागच्या डबक्यात
बाबालाल मुजावर चहाच्या गाळणीनं अळ्या धरतो.
तांबड्या, उसवलेल्या टाक्याच्या दोऱ्यासारख्या.
"बाई, रगात हाय ह्यांच्यात," दर वर्षी म्हणतो,
आणि मी दर वर्षी: हो, आपल्यासारखंच.
श्रीखंडाच्या डब्यातून त्या सांगलीत येतात,
सायकलच्या कॅरिअरवर.

एका सुईनं धड दाबायचं, दुसरीनं डोकं ओढायचं:
लाळेच्या दोन ग्रंथी घरंगळतात, काचेच्या.
ऑर्सिनचा थेंब. कव्हरस्लिप. अंगठा, जपून.
मग ते आखूड गुणसूत्र, पट्ट्यापट्ट्यांचं,
मधेच फुगलेलं,
उंदीर गिळून पडलेल्या धामणीसारखं.

बघा, इथं नक्कल चालली आहे.
मूळ दप्तर जागचं हलत नाही.
उतरवून घेतात तो एक निरोप,
पस्तीस-चाळीस हजार अक्षरांचा.
पुढच्या टोकाला टोपी,
मधली फोल अक्षरं कापून टाकलेली,
मागं अ अ अ अ अ अशी शेपटी,
पोरानं पाटी भरून काढावी तशी.
आणि सगळं प्रथिनांत गुंडाळून त्याची चुंबळ.

इथून पुढचं आपल्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नाही.
पुस्तकातल्या करड्या फोटोवर बोट ठेवून सांगते:
केंद्रकाच्या भिंतीला दारं आहेत, पुष्कळ,
पण दारात मोकळी जागा नाही, लोंबते धागे आहेत,
मण्यांच्या पडद्यासारखे, ओळख विचारणारे.
एकट्या निरोपाला ते वाट देत नाहीत.
सोबत लागते.
सोबत्याची आणि धाग्यांची जुनी घसट,
ह्याला धर, त्याला सोड, करत तो पलीकडं नेतो.
चुंबळ दाराशी उलगडते. टोपीचं टोक आधी.
शेपूट अजून आतच असतं
आणि बाहेर वाचायला सुरुवातही झालेली असते.

"परत नाही येत, मॅडम?" ऐतवड्याची शिवांजली विचारते.
नाही. उंबऱ्यापलीकडं एकजण उभाच असतो,
सोबत्याचा हात सोडवून घेणारा.
सोबती माघारी जातो, पुढच्यासाठी.
निरोप वाचला जातो, पुन्हा पुन्हा,
आणि कधीतरी झिजून संपतो.

"आणि लिहिलेलं काय असतं त्यात?"
रेशीम. लाळेचा एक धागा.
अळी त्यानं चिखल शिवते, नळी करते, आत राहते.
एवढंच.
मागून बाबालाल म्हणाला, घर म्हणा की.

एकतीस तारखेला शाल, नारळ, कचोरी.
कार्डावर ठळक छापलेलं: निरोप समारंभ.
त्या शब्दावर मी जरा थांबले.
तेहतीस वर्षं हा माणूस प्रत्येक बॅचला
फाटकापर्यंत सोडून आत यायचा,
बेसिन घासायचा, सुया मोजायचा.

आज सायकल मी धरली,
तो शाल कॅरिअरला लावेपर्यंत.
"जावा आता आत, ऊन लागंल."
हँडल सोडायला मला वेळ लागला.
तो हळद यार्डाच्या बाजूला वळला, मागं न बघता,
एक पाय लांबवून, नेहमीसारखा.

आत गाळणी पालथी होती.
जाळीला एक अळी चिकटलेली,
तिला पाण्यात सोडलं.
मग सुया मोजल्या, दोनदा.
बाराच होत्या.