तीन पदार्थ, एकोणसाठ डॉलर

जानेवारीच्या शेवटी सरोवर काठाकाठाने गोठतं,
शिकागोत कुणी विनाकारण बाहेर पडत नाही,
तेव्हा आमचं रेस्तराँ आपलं दार जरा किलकिलं करतं:
तीन पदार्थ, एकोणसाठ डॉलर, दोनच आठवडे.
एरवी एवढ्यात नुसता मासा येतो,
तोही एकटा.

या दिवसांत येणारी माणसं लगेच ओळखू येतात.
कोट घ्यायला कुणी पुढे झालं की दचकतात.
पाणी फुकट आहे ना, हे डोळ्यांनी विचारतात.
पाव संपतो, आणि दुसरा मागायचा की नाही
यावर नवराबायकोत टेबलाखालून ठराव होतो.
आम्ही वेटर मागे, भटारखान्यात, त्यांना हसतो.
मीही हसतो.
टीप बेताची मिळते,
हसू तेवढं वरकड.

मंगळवारी, साडेपाचला, यादीत नाव होतं:
व्रोना, एक जण.
आडनाव माझंच. म्हटलं, असेल कुणी,
या शहरात व्रोना काही कमी नाहीत.
दारात आई उभी.
चर्चला घालायचा कोट,
बुटांना रस्त्यावरच्या मिठाची पांढरी कड.
"काझिक" म्हणाली नाही.
"गुड इव्हनिंग" म्हणाली,
जसा मी कुणी साहेब.

बावीस वर्षं ती सिसेरोतल्या धुलाईखान्यात उभी आहे.
आमचे नॅपकिन तिथेच जातात, सोमवारी आणि गुरुवारी,
निळ्या गाठोड्यांतून.
ही जागा तिने आतून कधी पाहिली नव्हती,
पण इथे कोण काय जेवतं हे तिला
माझ्याआधी ठाऊक असायचं:
ऑक्टोबर लागला की भोपळा,
सणाच्या रात्री वाइन, रडलेल्या डोळ्यांचं काजळ,
एकदा तर गाठ मारलेल्या नॅपकिनमध्ये अंगठी.
ती तिने परत पाठवली.
आभाराची चिठ्ठी आली नाही,
हे ती अजून सांगते.

मेन्यू आधी चष्मा काढून वाचला, मग घालून.
"बीटाचं सार की मशरूमचं?"
मी विचारलं, हळू, पोलिशमध्ये.
"कमी डाग कशाचा पडतो?"
मला हसू आलं. तिला नाही.
धंद्यातला प्रश्न होता.
मशरूमचा, म्हणालो.
तिने बीट मागवलं.
"एवढे पैसे मोजून वर भ्यायचं कशाला?"

नॅपकिन मात्र उलगडला नाही.
मांडीवर घडी तशीच,
ओठ टिपायला पर्समधला टिश्यू.
मागे रेनाल्डो म्हणाला,
"सात नंबरची बाई पाहिलीस?
टिश्यू घरून आणलाय!"
भटारखाना हसला.
मी हातातली बशी पुसत राहिलो.
कोरडीच होती.

बदक तिने हाडापर्यंत खाल्लं.
"कातडी छान. आत कच्चं. सांग तुझ्या आचाऱ्याला."
तेही मी सांगितलं नाही.

गोड आणलं तेव्हा लक्षात आलं,
सबंध जेवण तिचा डावा हात
टेबलावर एकाच जागी होता.
तो उचलला. खाली बीटाचा थेंब,
बटणाएवढा.
"सोडा आण. आणि मीठ."

मॅनेजर धावत आला. "काही चुकलं का, मॅडम?"
"डाग ताजा असताना दोन मिनिटं लागतात,"
आई बोटाने मीठ दाबत म्हणाली,
"तुम्ही लोक तीन दिवस ठेवता."
तो दोनदा सॉरी म्हणाला,
कशाबद्दल ते त्याला कळलं नसावं.

पैसे पगाराच्या पाकिटात मोजून आणले होते.
एकोणसाठ, वर टॅक्स,
आणि टीप वेगळ्या घडीत, अकरा डॉलर ऐंशी सेंट.
ऐंशी सेंटसुद्धा.
ती माझ्याकडे न बघता सरकवली,
आणि कोटाची बटणं स्वतःच लावली.

गुरुवारी गाठोडं बांधताना
सात नंबरचा टेबलक्लॉथ शोधून काढला.
डाग नव्हता.
बोटांना फक्त मिठाचा खरखरीत गोल लागला.
पलीकडे रेनाल्डो चमचे मोजत होता.
म्हटलं, रेनाल्डो,
ती मंगळवारची बाई आठवते,
टिश्यूवाली?